मुद्देमालातला अँटेना

तो रविवार आठवला की मला अजून हसू येतं. माझे यजमान पोलीस हवालदार होते. त्यांनी नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले. माझ्या नावावर तपास एकच, पण तो मी सांगायला लागले की ते गुपचूप उठून बाहेर जातात.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. पवनीकडच्या एका ठाण्याच्या लाइनीत आम्ही राहत होतो. अख्ख्या लाइनीत टीव्ही एकच, आमच्याकडे. त्यावर गुप्तहेराची मालिका लागायची, एका शेठच्या खुनाची. त्या रविवारी संध्याकाळी शेवटचा भाग होता. मी पहिल्यापासून म्हणत होते, खुनी डॉक्टर आहे. शेठच्या घरी पहिल्यांदाच आलो म्हणाला, आणि तहान लागली तर न विचारता सरळ स्वयंपाकघरातल्या माठाकडे गेला!

यजमान हसायचे. "तुले काय समजते? मुनीम होय तो."

दुपारी टीव्ही लावून पाहिला तर नुसत्या मुंग्या. बाहेर आले तर छतावरचा अँटेना गायब. पोलीस लाइनीत चोरी!

आदल्या संध्याकाळी हातभट्टीवर धाड पडली होती. जप्त केलेली मोहफुलं ओली होती, कुजू नयेत म्हणून सकाळी आमच्याच छतावर वाळत घातली होती. दुपारी वावटळ सुटली तशी नव्या शिपायाने ती घाईने गोळा केली. त्याला विचारलं.

"वयनी, मी तं फक्त मुद्देमाल आनला जी."

भट्टीवाला लॉकपमध्ये होता. पंचनाम्याच्या गडबडीत त्याचं जेवण राहिलं होतं. कैद्याचं ताट आमच्याच घरून जायचं, एरवी यजमान नेत. त्या दिवशी मी नेलं. तो दोन घास जेवल्यावर हळूच विचारलं, "भाऊ, आमचा अँटेना दिसला का?"

"आता विचारता का बाई? त्या नळ्या माह्या भट्टीच्या नोहोत म्हनून तीन डाव सांगितलो. शिपाई म्हने, पकडल्यावर सारेच असं म्हनतेत."

वावटळीने अँटेना फुलांत पडला होता. शिपायाने तो भट्टीचाच समजून तिच्या नळ्यांबरोबर बांधला, वर लाखेचं सील केलं.

यजमानांचा चेहरा पडला. "नंबर पडला ना त्याच्यावर. आता कोर्टाच्या हुकमाबिगर हालत नाही."

तीन वर्षांत मी ठाणेदार साहेबांपुढे एक शब्द बोलले नव्हते. डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या टेबलापाशी गेले. "साहेब, आज खुनी सापडते. डॉक्टर होय तो."

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "कोणता खून?"

सगळं सांगितलं. ते पुन्हा बसले, मिशीवरून हात फिरवला. "या भट्टीच्या नळ्या आहेत की अँटेना, हे तपासल्याशिवाय कसं ठरणार? टीव्ही आणा. आणि पंच बोलवा."

लाइनीतल्या सगळ्या बाया पंच झाल्या. टीव्ही ठाण्याच्या व्हरांड्यात आला, अँटेना अंगणातल्या कडुनिंबाला बांधला. त्याला लटकवलेली मुद्देमालाची चिठ्ठी वाऱ्यावर फडफडत होती. चित्र लख्ख आलं. आणि गुप्तहेराने डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवला, तशी मी साहेबांसमोर टाळ्या वाजवत उभी राहिले.

लॉकपमधून आवाज आला, "कोन निघाला जी वयनी?"

"डॉक्टर, भाऊ! डॉक्टर!" इतक्या मोठ्याने मी तोवर कोणाशी बोलले नव्हते.

"आन माह्या नळ्या?"

साहेबच हसत म्हणाले, "त्यातल्या या अँटेनाच्या तुझ्या नाहीत. लिहून घेतो."

नवरा पोलिसात असला की कोणी "नाही" म्हटलं तर ते खोटंच धरायची घरातल्यांनाही सवय लागते. माझी त्या दिवशी मोडली. यजमानांची हळूहळू मोडली. पुढे एखादा आरोपी "हे माझं नाही" म्हणाला, की ते ती वस्तू आधी उजेडात नेऊन नीट पाहायचे. आणि चौकशीला कोणाच्या घरी गेले, की रात्री जेवताना मला सांगायचे, तिथे कोण विचारून पाणी प्यायलं आणि कोण सरळ माठाकडे गेलं.