डावीकडची भिंत

ईरा, निहार, तुमच्या त्या उड्या मारायच्या खेळात सगळे उजवीकडेच पळतात. काल मी टॅबवर खेळत होते आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवरून ओरडत होतात, "आजी, पळ ना! मागे काही नसतं!" पण घर सोडताना कुलूप ओढून पाहिल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. त्याच सवयीने मी खेळातल्या बाहुल्याला आधी डावीकडे नेलं आणि सुरुवातीची भिंत ढकलून पाहिली. तो सरळ भिंतीतून आत गेला. आत निळं आकाश होतं, उलटी झाडं होती आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं वेळ मोजणारं घड्याळ थांबलं होतं.

"आम्हाला हे कधीच सापडलं नव्हतं," निहार, तू पुटपुटलास.

माझं हे कुलूप ओढणं तुमच्या बाबाला म्हातारपणाचं लक्षण वाटतं. "आई, आता एकटी राहू नकोस, फ्लॅट विकून इकडे ये," हे त्याचं दर रविवारचं पालुपद. त्याला सांगा, मागे वळली म्हणून आजीला अख्खं जग सापडलं. माझ्या या दोन खोल्याही तशाच आहेत. बाहेरून नुसती भिंत दिसते. मी इथेच राहणार.

सुट्टीत या. फिरायला निघताना कुलूप मात्र तुम्ही ओढून पाहायचं.