पार्किंगमधली लंगडी

बसून राहिलेलं मूल दिसलं की साऱ्या जगाला हायसं वाटतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना मात्र दूध उतू चाललंय असं वाटायचं. तशाच धावत सुटायच्या. बाई मूळच्या सफाळ्याकडच्या. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या आणि बोईसरला आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्याच राहायला आल्या. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळच नाय मिळाला. रोज संध्याकाळी मुलींचा सराव असायचा." एरवी बोलणं शाळेतलं, पण राग आला किंवा आनंद झाला की गावची बोली वर यायची. लिफ्टपाशी पोर दिसलं की बटणावर हात ठेवून विचारायच्या, "पाय हायेत ना? का नुसते चपला अडकवायला दिलेत?" वॉचमन बिचारा सांगायचा, "मॅडम, लिफ्ट चालू है." "म्हणून तर मी इथे उभी आहे," बाई म्हणायच्या. कुणाच्या हातात वेफर्सचं पाकीट असलं तर त्यातला एक मागून चवीने खायच्या आणि बदल्यात उकडलेल्या शेंगा मूठभर त्याच्या खिशात कोंबायच्या. ओल्या खिशांच्या तक्रारी घेऊन आया वर जायच्या आणि स्वतःच शेंगा खाऊन परत यायच्या.

माझा तन्मय तेव्हा तेरा वर्षांचा. शाळा, क्लास आणि मोबाइल, एवढंच त्याचं जग. दोन जिने चढला की धाप लागायची. नवरा तारापूरला पाळीवर, मी पालघरच्या ऑफिसात. त्याच्याकडे बघायला होतं कोण? बाईंनी त्याला व्यायामाचं नावही काढलं नाही. "माझा फोन बिघडलाय, बघतोस का रे?" म्हणून वर बोलावलं. मग चार्जर खाली वॉचमनकडे राहिला. तो आणला, तर चष्मा पार्किंगमध्ये. तिसऱ्या खेपेला तन्मय धापा टाकत म्हणाला, "बाई, तुमचा फोन बिघडलेलाच नाहीये!" "नाय," बाई म्हणाल्या, "पण तू सुधारतोयस." तो इतका हसला की दुसऱ्या दिवशी पाच वाजता आपणहून खाली गेला. पाच-सहा मुलं पार्किंगमध्ये लंगडी खेळायची आणि साठीच्या बाई, साडी खोचून, सर्वांत जास्त वेळ एका पायावर टिकायच्या. तीन महिन्यांत तन्मय जेवताना बोलायला लागला.

मग खेळताना कुणाचा तरी धक्का लागून एका गाडीचा आरसा फुटला. पार्किंगमध्ये खेळायला बंदी करावी, असा अर्ज घेऊन सेक्रेटरी घरोघर फिरले. आमची गाडी नवीकोरी होती. मी सही केली. दुसऱ्या दिवशी तो कागद सह्यांसकट जिन्यात लागला. मी ऑफिसातून आले तेव्हा बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तुमचं अक्षर छान आहे हो." त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

सालवडच्या बाजूला एक मोकळं मैदान आहे. मुलांना तिथे न्यायचं म्हणून बाई दारोदार फिरल्या. रस्त्यावर कंपन्यांचे ट्रक, मुलांचे क्लास, परीक्षा. प्रत्येक दारात एकेक कारण मिळालं. माझ्या दारात दोन मिळाली. त्यानंतर महिनाभर बाई रोज पाचला एकट्याच मैदानाकडे जायच्या आणि अंधार पडायच्या आत परतायच्या. एका रविवारी मी म्हटलं, "कशाला जाता बाई उगाच?" "मुलांना सवय लावायला निघाले होते," म्हणाल्या, "मुलांची सवय मलाच लागून बसली."

दिवाळीनंतर त्या बडोद्याला भाचीकडे कायमच्या गेल्या. दुपारची वेळ, मुलं शाळेत. रजा होती म्हणून त्यांची बॅग मी खाली नेली. रिक्षात बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोराला रागावू नका. तो चांगला धावतो."

संध्याकाळी तन्मयने विचारलं, "बाई गेल्या? मला का नाही सांगितलंस?" तो आत गेला, आणि त्या रात्री जेवताना एक शब्द बोलला नाही.

आता रविवारी आम्ही दोघं सालवडच्या मैदानावर जातो. त्याने एकटं धावायचं, मी कडेने चालायचं. मधेच तो थांबतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा धावतो. हे बाईंना फोन करून सांगावं असं दर रविवारी वाटतं. नंबर आहे माझ्याकडे. अजून लावलेला नाही.