ताईचा पाय टीव्हीवर

टीव्हीवर कोणी एखाद्या बाईच्या तोंडापुढे माईक धरून "जरा परत एकदा सांगता का?" म्हटलं, की माझं डोकं फिरतं. मी उठते आणि टीव्ही बंद करते. नवरा म्हणतो, "अगं, त्या पोराने तुझं काय घोडं मारलंय?" त्या पोराने काहीच मारलेलं नाही, मला ठाऊक आहे. पण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा मला बोलू दिलं नाही, तो राग अजून पोटात आहे आणि कुठे तरी निघणारच.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडे. बाजार साखरखेर्ड्याचा, दवाखाना देऊळगाव राजाचा आणि पिण्याचं पाणी गावच्या पायविहिरीचं. दगडी पायऱ्या उतरून खाली जायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. सगळं गाव असंच पाणी भरायचं आणि सगळ्या गावाला नारू व्हायचा. आताच्या पोरांना नारू म्हणजे काय ते माहीत नाही, बरंच आहे. पाण्यातून पोटात गेलेला हा किडा वर्षभर अंगात वाढतो. मग उन्हाळ्यात पायाला फोड येतो आणि त्यातून तो डोकं बाहेर काढतो. पांढरा, शेवईसारखा बारीक, हातभर लांब. त्याला एकदम ओढायचं नसतं. टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज, तो आपणहून जेवढा सैल येईल तेवढीच काडी फिरवायची. मधेच तुटला तर आतला आत सडतो, पाय भोपळ्यासारखा फुगतो आणि कधीकधी सांधा जन्माचा आखडतो. असे पाय ओढत चालणारे लोक आमच्या गल्लीतच होते.

त्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घोट्यापाशी नारू निघाला. आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, तिचं लग्न धरलेलं! देऊळगाव राजाकडचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. लग्नाच्या आत नारू सबंध बाहेर यायला हवा, एवढा एकच घोर आमच्या घराला लागला होता. माय रोज सकाळी ताईचा पाय मांडीवर घ्यायची, कोमट पाण्याने शेकायची आणि काडी धरायची. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही. बाबा ओट्यावर तंबाखू मळता मळता थांबायचे.

"आला?"

"आला थोडासा."

मग बाबा तंबाखू तोंडात टाकायचे आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

नारू वीतभर बाहेर आला असेल-नसेल, एक दिवस सरपंच घरी आले. "मुंबईहून टीव्हीवाले येऊन राह्यले," ते म्हणाले. "पाण्यावर अन् नारूवर फिल्म काढतेत. हातपंपाचा अर्ज करून करून आपले जोडे झिजले, कोणी ढुंकून पाह्यलं नाई. टीव्हीत दिसलं का पंप आलाच म्हणून समजा." मग ते ताईच्या पायाकडे बघून म्हणाले, "पोरीचा नारू कसा झ्याक निघाला, पाहा."

जशी काही कपाशीच झ्याक आली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि तोंडाने फटकळ म्हणून गावात नाव काढलेली.

माय म्हणाली, "लग्न आलं तोंडावर. माही पोर काई टीव्हीत जात नाई."

"तोंड दाखवत नाईत वं, नुसता पाय," सरपंच म्हणाले. सरपंचांना नाही म्हणणं बाबांच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी ताईच म्हणाली, "दाखवतो म्हणा पाय. पंप आला त लोकाच्या पोरींचं तरी बरं होईन."

टीव्हीवाले जीपने आले. मुलाखत घेणारी एक बाई, सुती साडी, चष्मा, बोलणं अगदी गोड. कॅमेरा धरणारा एक माणूस. आणि एक जण खांद्याला पेटी अडकवलेला, कॅमेऱ्याची वायर त्या पेटीत गेलेली, म्हणून दोघं बैलजोडीसारखे बरोबरच चालायचे. आधी ते पायविहिरीवर गेले. आता टीव्हीत दिसायचं म्हटल्यावर आमच्या बाया काय करतील? सगळ्या ठेवणीतली लुगडी नेसून, गळ्यात पोत घालून, डोक्याला तेल चोपडून आल्या. कॅमेरावाल्याने कपाळाला हात लावला. "बाई, असं नको, रोजचंच नेसा." बाया हिरमुसल्या, घरी गेल्या, फाटकं नेसून परत आल्या. मग सुरू झालं त्यांचं. उतरा, भरा, चढा. परत उतरा, ऊन बरोबर नव्हतं. परत उतरा, मधे कुत्रं आलं. बाया बिचाऱ्या भरलेली घागर ओतून देऊन पुन्हा पायऱ्या उतरायच्या आणि हसायच्या. पाहुण्यांचं मन मोडायचं नाही म्हणून हसायच्या. मी वरच्या पायरीवर उभी होते. इथे कुत्र्यासाठी घागर ओतली, ताईच्या पायापाशी आल्यावर काय ओततील, असं मनात आलं.

मग सगळी वरात आमच्या घरी. अंगणात बाज टाकली, ताईला बसवलं. जीपच्या ड्रायव्हरने चमकीचा कागद लावलेला फळा उन्हात धरून तिच्या पायावर उजेड पाडला. दारात सगळं गाव. माय तिच्या शेजारी बसली, पाय मांडीवर घेतला. त्या दिवशीची काडी तिने सकाळी मुद्दाम फिरवली नव्हती, यांच्यासाठी ठेवली होती. बाईने माईक पुढे धरून ताईला विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे? कामं कशी करता?" ताई खाली मान घालून एवढंच म्हणाली, "पाणी वरून काढाले आलं पाह्यजे. पाय भिजवाले नाई लागले पाह्यजे." बाई म्हणाली, "वा, किती छान सांगितलंत." मग मायने काडी धरली. घरात व्हायचं तसं सगळं अंगण गप्प झालं. काडी अर्धा वेढा फिरली. थोडा आला. मायने हात थांबवला आणि श्वास सोडला. मीही सोडला. चला, झालं एकदाचं!

"मॅडम," कॅमेरावाला म्हणाला, "आईंचा हात मधे येतोय. एकदा परत घेऊ या."

माय म्हणाली, "आता नाई. आजचा झाला. तो आता आवळून धरते, उद्याच्याला सुटन."

"अगदी थोडंसं, आजी," तो म्हणाला. माय काही आजी नव्हती. "ह्यांनी स्वतःच धरली काडी तर दिसेल छान."

बाईने ताईला विचारलं, हे मी नाकारत नाही. वाकून, मायेने विचारलं, "त्रास नाही ना होणार?" आता मला सांगा, सगळं गाव दारात, सरपंच शेजारी, डोळ्यांवर झगझगीत उजेड आणि मुंबईची बाई एवढ्या अदबीने विचारतेय. आमच्याकडची कोणती पोर 'हो, होईल' म्हणेल? सरपंच म्हणाले, "एक डाव करून टाक बाई, एवढ्या लांबून आले." माय बाबांकडे बघत राहिली. बाबांनी जमिनीकडे बघितलं. मायला उठवून भिंतीपाशी उभं केलं आणि ताईने काडी हातात घेतली.

तिने काडी फिरवली, पण आतून काही येईना. "हं, थोडं अजून," कॅमेऱ्यामागून आवाज आला. तिने अजून फिरवली. दोरा ताणला गेला, आणि एकदम ढिला पडला. काडीला तुटकं टोक लोंबत होतं. आतलं आत गेलं.

"छान आलं!" कॅमेरावाला म्हणाला.

त्यांना कळलंच नाही हो. त्यांना काय माहीत, किती यायला हवा नि काय. ताईने काडी मुठीत घेतली आणि मूठ पदराखाली लपवली. मायने तोंडात पदर कोंबला. मी "तुटला!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं तर बाबांनी माझं मनगट असं आवळलं, की माझ्या बांगड्या रुतल्या. "पावणे हायेत," ते दातओठ खात म्हणाले. "चाय ठेव."

मी चहा ठेवला. रडत रडत ठेवला. माय आत येऊन चुलीपाशी बसली आणि कप धुऊ लागली. बाहेर बाई सरपंचांना सांगत होती, लोक किती सहकार्य करतात तुमचे. जाताना तिने ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. "चेहरा नाही दाखवणार, शब्द देते," म्हणाली. जीप गेली आणि मग माय जी ओरडली!

ताईला ताप भरला. पाय पोटरीपर्यंत फुगला, लाल झाला, हात लावू देईना. गाडीबैलाने सडकेपर्यंत आणि पुढे एसटीने तिला देऊळगाव राजाच्या दवाखान्यात नेली. चिरा दिल्या, पू काढला, सुया टोचल्या. आखाजी आली आणि गेली. ताई घरी आली तेव्हा जीव वाचला होता, पण घोटा लाकडासारखा झाला होता. टाच काही केल्या जमिनीला टेकेना.

लग्न पुढे ढकललं म्हणून आम्ही सांगत होतो. शेवटी तिकडची माणसं पाहायला आली. कोणी पायाचा विषय काढला नाही. नवऱ्या मुलाची आई ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "पोरी, पाणी आण वं." माठापासून ओसरीपर्यंतचं आमचं घर ते केवढं, पण ताई तांब्या-फुलपात्र घेऊन निघाली आणि मला वाटलं, हे घर कधी संपतच नाही. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. ती टाच टेकवायला बघत होती. ओठ दाताखाली धरलेला, कपाळावर घाम. थेंबभर पाणी सांडू दिलं नाही तिने. ती पाणी प्याली, चांगली माणसं होती, जेवूनही गेली. नंतर निरोप आला, यंदा मुलाचं करत नाही. आणि यंदाच केलं, दुसऱ्या पोरीशी.

माय तेव्हापासून टीव्हीवाल्यांना नावानिशी शिव्या घालू लागली असती, पण नावं तिला माहीत नव्हती. बाबा तिच्यापुढे येईनासे झाले. आणि ताई? ताई मलाच समजवायची. "तू काऊन जळून राह्यली? त्याईनं काई मुद्दाम केलं का? तसं काढल्याबिगर फिल्म होत नसन." तिला वाटायचं, आपला पाय गेला पण कामाला गेला. ज्या ओढण्याने तो गेला ते ओढणंच लोक बघतील, सरकार बघेल, पंप येईल. त्यावर तिने मनाला समजावलं होतं. पंप पुढे आलाच, आणि नारूही गावातून गेला. आमच्या मागच्या पोरींना तो ठाऊकही नाही. हे खोटं मी कशाला सांगू?

पावसाळा सरता सरता सरपंचांनी दवंडी दिली, फिल्म लागणार. गावात टीव्ही एकच, ग्रामपंचायतीत, लाकडी पेटीत कुलूपबंद. तिन्हीसांजेला सगळं गाव तिथे लोटलं. माय यायला तयार नव्हती, ताईनेच तिला हाताला धरून आणली. छपरावर एक जण अँटेनाचा बांबू फिरवत होता. "आलं का?" "आलं, आलं! अबे गेलं!" पडद्यावरच्या मुंग्यांतून एकदाची आमची विहीर दिसली आणि पोरांनी गिल्ला केला. फाटक्या लुगड्यांतल्या बाया पायऱ्या उतरत होत्या. इकडे त्याच बाया लाजून एकमेकींना ढोसत होत्या. वरून एका माणसाचा भारदस्त आवाज, पाणी आणि रोगराई असं काहीतरी सांगत होता.

मग पाय आला. ताईचा पाय, सबंध पडदाभर. ताई माझ्या शेजारी होती, तिने माझी बोटं धरली.

पाय मांडीवर होता. काडी मायच्या हातात होती. बांगड्यांचा हिरवा रंग दिसत नव्हता, टीव्ही काळापांढराच होता, पण हात मायचाच होता. काडी अर्धा वेढा फिरली, थोडा आला, हात थांबला. लगेच दुसरंच चित्र लागलं, कुठल्याशा साहेबाचं बोलणं सुरू झालं.

लोकांनी टाळ्या पिटल्या. माय मात्र गुडघ्यांवर पुढे सरकत पार टीव्हीपाशी गेली. "हा त माहा हात होता," ती म्हणाली. मग वळून तिने सरपंचांकडे, बाबांकडे, सगळ्यांकडे पाहिलं. "माहाच हात दाखवला. मंग पोरीले दुसऱ्यांदा काऊन ओढाले लावलं?"

साहेबाचं भाषण चालूच होतं. माझ्या बोटांवरचा ताईचा हात सुटला. पडद्याकडे बघतच ती आम्हाला ऐकू येईल इतकंच म्हणाली, "म्हणजे पह्यलंच चांगलं आलं होतं."

मग भिंतीला धरून उठली आणि लंगडत, कोणाची वाट न बघता घराकडे चालू लागली.