दुसरी सही

आमच्या दादाशी वाद घालणं म्हणजे डोक्याला ताप. लहानपणी मी म्हणायचे, "सगळ्या मैत्रिणींकडे सायकल आहे." हा विचारायचा, "सगळ्या म्हणजे किती? नावं सांग." नावं निघायची तीन, आणि सायकल राहायची बाजूला. पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता यंत्रांचं डोकं खाईल. त्यांनाही त्याने सोडलं नाही. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. दोन बदलल्या तर कशामुळे सुरू झाली ते कळत नाही म्हणे.

माझा नवरा त्याचा कामावरचा जोडीदार. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचे दोस्त, त्यामुळे मेहुणे झाले तरी अरे-तुरेच.

गेल्या वर्षी एका कार्यालयाची लिफ्ट घसरली आणि आतल्या टायपिस्ट बाईंचा पाय मोडला. ब्रेकचा नट सैल सापडला, आणि तो आवळायचं काम आदल्याच दिवशी माझ्या नवऱ्याने केलं होतं. झालं, सगळ्यांनी त्यालाच धरलं. कंपनीने चौकशी लावली. मी बाहेरच्या बाकावर बसून होते, दार उघडंच होतं.

दादा उभा राहिला आणि त्याने एकेकाला सोलून काढलं. "आदल्या दिवशी काम झालं म्हणून त्यामुळेच घसरली? आदल्या दिवशी सफाईवाल्या मावशींनीही लिफ्ट पुसली होती. त्यांना का नाही बोलावलं?" वॉचमन म्हणाला, हा माणूस कायम घाईत असतो. "हे माणसाबद्दल झालं. नटाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" साहेब म्हणाले, नट सैल होता हे तरी खरं ना? "खरं. पण सैल होता म्हणून घसरली, की घसरल्याच्या हिसक्याने सैल झाला?" मी बाहेर तोंडाला ओढणी लावून हसत होते. आता आठवलं की लाज वाटते.

मग साहेबांनी तपासणीचं कार्ड पुढे केलं. त्यावर प्रत्येक कामापुढे दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची आणि दुसरी, झालेलं काम स्वतः पाहणाऱ्याची. प्रत्यक्षात एक जण वर मशीनपाशी असतो, दुसरा खाली लिफ्टच्या खड्ड्यात, म्हणजे लवकर उरकतं. सह्या चहा पिताना ठोकून टाकायच्या. सगळ्या जोड्या असंच करतात.

"ही दुसरी सही तुमची. नट आवळलेला पाहिलात?"

एक 'हो' म्हटलं असतं तर माझा नवरा सुटला असता. त्यासाठी सकाळीच मी दादाचे पाय धरले होते.

"नाही," दादा म्हणाला. "मी खाली होतो. न पाहता सही केली."

दोघांचीही नोकरी गेली.

मी दादाला नाही नाही ते बोलले. पण नोकरीपेक्षा वाईट पुढेच होतं. नवऱ्याच्या डोक्यात किडा शिरला. "मी नट आवळला हे मला आठवतंय, की रोज आवळतो म्हणून आठवल्यासारखं वाटतंय?" दिवसभर हेच. घरातला नळ गळायला लागला तरी पाना हातात धरेना. एका कारखान्यातून दोनदा बोलावणं आलं, गेला नाही. तिथे कुणाचा जीव गेला तर, म्हणाला. इतका कामाचा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाया चालला होता.

शेवटी मीच दादाकडे गेले. म्हटलं, चुलीत घाल तुझा खरेपणा, एकदा माझ्यासाठी खोटं बोल. त्याच्या किती जिवावर आलं ते मला दिसत होतं. तरी आला. नवऱ्यासमोर बसून म्हणाला, "अरे, मी पाहिलं होतं. नंतर वर आलो होतो मी. नट घट्ट होता. त्या दिवशी गोंधळून नाही म्हणालो."

नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या नसणार," तो म्हणाला. "त्या दिवशी 'नाही' म्हटल्यावर तुझी नोकरी जाणार होती, तरी म्हणालास. आज 'हो' म्हणताना तुझं काहीच जात नाही. मग मी कुठलं धरू?"

आयुष्यभर ज्याच्या त्याच्या बोलण्यात चूक काढणाऱ्या माझ्या भावाला यात एक चूक सापडेना. मी अजून शोधते आहे. मलाही सापडत नाही.