वचनाची तिसरी चिठ्ठी

जय ख्रिस्त मंडळी! दौंडच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. जीव थाऱ्यावर नाही.

शिक्रापूरच्या एका कंपनीत मला नोकरी लागलीय. येणार की नाही, ते आज पाचच्या आत फोन करून कळवायचंय. गेले तर आई इथं एकटी पडणार. म्हणून सकाळी प्रार्थना केली आणि बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या डब्यातून एक चिठ्ठी काढली.

त्यात होतं, शांत राहा, वाट पाहा. मी ती परत डब्यात टाकली. दुसरीत आईवडिलांचा मान राखायला सांगितलं होतं. तीही टाकली. तिसरीत निघालं, ऊठ आणि जा. मी ओरडलेच, "आई, देवानं जा म्हटलंय!"

आई तिथंच भाकरी थापत होती, तिन्ही वेळा मी मोठ्यानं वाचलेलं तिनं ऐकलं होतं. वर न बघता म्हणाली, "तिसरी चिठ्ठी देवाची, मग पयल्या दोन कुणाच्या गं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"जायचं तर जा की. मी ऱ्हाईन. पर देवाच्या नावावर ढकलू नगंस."

चिडून इथं आले. साडेचार वाजलेत. मला जायचंय, एवढं साधं मी देवाला सरळ का सांगितलं नाही? तुम्ही तरी देवाला असं सरळ सांगता का?