अण्णांचा उलटा फोटो

हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी अर्ध्यावरच सोडून दिलं असतं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. चकवा, झपाटणं, अंगात येणं... आमच्या घरात यातलं कुणीच काही मानलं नाही. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अर्धं आयुष्य रानात गेलं आणि ते म्हणायचे, "रानात विंचू असतो माय, दुसरं काही नसतं." मुलीला माय म्हणायची, आणि 'गं'च्या जागी 'व' म्हणायची, आमच्याकडे पद्धत आहे. तरीही लिहितेय, कारण इंदूरजवळ राऊला आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर एक फोटो आहे आणि तो कसा निघाला हे मला अजून कळलेलं नाही. भीती वाटावी असं यात काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

अण्णा पाटबंधाऱ्याच्या सर्व्हेवर खलाशी होते. बोटीवरचे खलाशी नव्हेत. साहेब तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघतात आणि समोर पन्नास-साठ पावलांवर एक माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ धरून उभा असतो, तो खलाशी. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली, पाय वर. म्हणून पट्टीवरचे आकडेसुद्धा उलटेच रंगवलेले असत, म्हणजे साहेबांना ते सुलटे वाचता यावेत. चोपड्याजवळच्या आमच्या घरात अशी एक मोडकी पट्टी होती. अण्णांनी मला शाळेच्या आधीच तिच्यावरून इंग्रजी आकडे शिकवले... उलटे! मी कितीतरी दिवस सहाला नऊ लिहायची आणि गुरुजी कपाळाला हात लावायचे.

अण्णांचे एक साहेब होते, दामले साहेब. मी सातवीत असताना घरात माझी शाळा थांबवायचं बोलणं चाललं होतं. तेव्हा ते अण्णांना म्हणाले होते, "पोरीला शिकव. तिला दुर्बिणीच्या या बाजूला आण." एवढंच. पण अण्णांनी ते वाक्य धरून ठेवलं आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. दामले साहेब आणखी एक गोष्ट नेहमी म्हणायचे, "रोज तुला दुर्बिणीत बघतो, पण तुझा एक फोटो नाही. काढला पाहिजे एकदा." तो काढायचा राहून गेला. साहेब रिटायर झाले, आणि काही वर्षांपूर्वी गेले. ती बातमी आली त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.

आता ड्रोनबद्दल. मी इंदूरच्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही आडगावांत बंधारे बांधतो, पाइपलाइन टाकतो. साइटचे वरून फोटो काढायला बाहेरचा माणूस बोलवावा लागायचा, आणि तो यायचा त्याच्या सोयीने. मी म्हटलं, सर, आपला स्वतःचा ड्रोन घेऊ, मी शिकते. आमचे मॅनेजर शर्माजी म्हणाले, "ठीक है, निवडायचं पण तूच आणि सांभाळायचं पण तूच." शर्माजी इंदूरचे, पण शेजार सगळा मराठी, त्यामुळे त्यांची मराठी अशी हिंदीच्या वाटेने येते. मी तेव्हा प्रोबेशनवर होते.

दुकानदाराने मोठा ड्रोन दाखवला. चारी बाजूंनी सेन्सर, झाड-डोंगर समोर आला की आपोआप थांबणारा. शर्माजींना तोच आवडला, "दिखना भी तो चाहिए ना!" पण त्याची पेटीच एवढी की ती घेऊन डोंगर चढायला एक माणूस वेगळा लागला असता. मी इंदूरच्या मल्हारगंजमध्ये सोनी भियांना, म्हणजे इकडच्या बोलीत सोनी भैयांना, विचारायला गेले. बोळात त्यांचं टेबल टाकण्यापुरतं दुकान आहे, कॅमेरे आणि ड्रोन दुरुस्त करतात. ते म्हणाले, "मैडम, ड्रोन तो गिरेगा. पहले ये बताओ, गिरा तो उठाने कौन जाएगा?"

"मीच."

"तो वो लो जो आपकी पीठ पे आ जाए, और जिसके पंखे मेरे पास मिलते हों."

म्हणून मी लहान, घडी होणारा घेतला. वजनाला हलका, कॅमेरा आमच्या कामापुरता चांगला, आणि जास्तीच्या दोन बॅटऱ्या, कारण साइटवर चार्जिंगला लाइट नसते. वाऱ्यात जरा हलायचा. समोर बघणारे सेन्सर त्याला नव्हते. शर्माजींनी सही केली आणि म्हणाले, "तुझ्या भरोशावर घेतोय. हा गेला तर मी वर दुसरा मागू शकणार नाही, आणि तुझ्यासाठी पण काही बोलू शकणार नाही. समझ गई?" समजलं होतं. ड्रोन हरवला तर माझी नोकरी पक्की होणं कठीण होतं.

ड्रोन घरी आला तेव्हा आई-अण्णा गावाहून आलेले होते. विमानतळ आणि महूची छावणी जवळ असल्यामुळे राऊमध्ये उडवायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तो नुसताच टेबलावर ठेवला. मी चहा टाकून येईपर्यंत आईने त्याला कुंकू लावून अक्षताही वाहिल्या होत्या.

"आई! कॅमेऱ्याला नाही ना लावलंस?"

"मला कळत नाही का? पुढे कॅमेरा आहे म्हणून पोटाला लावलं."

पोटालाच त्याचा जमीन बघणारा सेन्सर असतो. बरोबर त्या काचेवर ठसठशीत बोट! मी कापडाने पुसत बसले आणि अण्णा हसून हसून खोकायला लागले. मग म्हणाले, "मी येऊ का साइटवर? तुझी दुर्बीण बघायचीय."

जानेवारीची सकाळ होती, साधारण दहा वाजलेले. मानपूरच्या पुढे, घाटाखालच्या एका गावाजवळ आमच्या बंधाऱ्याचं आणि पाइपलाइनचं काम चाललं होतं. मी, अण्णा आणि ऑफिसच्या गाडीचे ड्रायव्हर मुकेश भिया. नकाशावर परवानगीचा भाग बघून घेतला होता, आभाळ स्वच्छ होतं. एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी सपाट खडकावरून मी ड्रोन उडवला. बंधाऱ्याचे फोटो छान आले. अण्णा माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघत होते.

"सुलटं दिसतं व यात!"

"हो अण्णा, आता सगळं सुलटंच दिसतं."

"मग आमच्या साहेबांनी काय पाप केलं होतं?"

मुकेश भिया खो खो हसले. त्या हसण्याच्या नादात मी ड्रोन पाइपलाइनच्या रेषेवरून टेकडीच्या पलीकडे नेला... आणि स्क्रीन थिजली. सिग्नल गेला.

असं झालं की ड्रोन स्वतः परत येतो. आपण ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत निघालेल्या जागी येतो. मी मनातल्या मनात ती उंची आठवली. सरावाच्या मैदानावर ठेवलेले तीस मीटर मी बदललेच नव्हते. टेकडी साठ मीटरची तरी असेल! म्हणजे तो परत येणार, पण सरळ टेकडीत घुसणार. समोर बघणारा सेन्सर त्याला नाही, कारण तो मीच नको म्हटला होता.

"क्या हुआ मैडम?" मुकेश भियांनी विचारलं. "तो परत येईल, पण टेकडीवर आपटेल," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कुठून येईल तो?"

मी टेकडीकडे बोट केलं. तिथे मजुरांनी टाकलेला एक लांब बांबू होता. तो अण्णांनी उचलला आणि ते चढायला लागले. सत्तरीतला माणूस! मी ओरडले, "अण्णा, त्याला दिसत नाही! तुम्ही उभं राहून काही उपयोग नाही!" पण ते वरती पोचले, आमच्याकडे पाठ केली आणि दरीकडे तोंड करून, बांबू पट्टीसारखा समोर धरून, उभे राहिले. अगदी सरळ. मी लहानपणापासून ऐकलेलं ते उभं राहणं पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

एव्हाना ड्रोन यायला हवा होता. पाच मिनिटं गेली. मग आणखी तीन. मी घड्याळाकडे बघत होते आणि शर्माजींना काय सांगायचं ते जुळवत होते. तेवढ्यात भुणभुण ऐकू आली.

ड्रोन अण्णांच्या डोक्यावरून, चांगला उंचावरून आला आणि निघाला होता त्याच खडकावर उतरला. मी खाली बसून त्याला दोन्ही हातांनी धरलं, अगदी कोंबडी धरावी तसं. मुकेश भिया नाचायलाच लागले, "अरे वाह काकाजी! आपने तो एयरपोर्ट खोल दिया!"

अण्णा उतरून आले. दम लागला होता, पण चेहरा फुललेला. मी त्यांच्या पायाच पडले. ते म्हणाले, "मी काही नाही केलं व. पट्टी धरली, बस. जरा डावीकडे कलली होती, मग सरळ केली."

"कुणी सांगितलं सरळ करायला?"

त्यांनी टेकडीकडे वळून पाहिलं. "कुणी नाही... साहेब दुर्बिणीपाशी हाताने खूण करायचे ना, तसं वाटलं. सवय आहे, दुसरं काय."

तिथे अण्णांच्या समोर, दरीच्या बाजूला, कुणाला उभं राहायला जागाच नाही, सरळ कडा आहे. मी तेव्हा फार विचार केला नाही. आनंदच एवढा झाला होता. आम्ही वाटेत गाडी थांबवून पोहे-जलेबी खाल्ली, आणि अण्णांनी दुसऱ्यांदा जलेबी मागितली.

दुपारी ऑफिसात मी फोटो कॉम्प्युटरवर टाकले. बंधारा, पाइप, खंदक... आणि सिग्नल गेल्यानंतरच्या वेळेचा एक फोटो. मी बटण दाबून एकेक काढत होते, आपोआप काढायचं सेटिंग बंद होतं. त्या फोटोत अण्णा आहेत. वरून नाहीत, समोरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून. दोन्ही हातांनी बांबू धरलेले, हलकेच हसणारे. आणि फोटो उलटा आहे. डोकं खाली, पाय वर, खाली आभाळ.

मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. फोटो तसाच होता.

संध्याकाळी ड्रोन आणि कार्ड घेऊन मल्हारगंज गाठलं. सोनी भियांनी सगळं उघडून बघितलं. सेन्सरच्या कडेला कुंकवाचा एक कण निघाला. ते म्हणाले, याच्यामुळे जमीन जवळ आहे असं वाटून ड्रोन वर चढला असेल, होऊ शकतं. म्हणजे आईच्या कुंकवाने ड्रोन वाचवला! हे मी आईला फोन करून लगेच सांगितलं आणि ती आजतागायत प्रत्येकाला सांगते. पण फोटोपाशी सोनी भिया अडकले.

"कैमरा ऊपर-नीचे होता है। उल्टा हो ही नहीं सकता, गर्दन ही नहीं है इसकी। और लेंस चौड़ी है, आदमी इतना पास नहीं आएगा।" मग त्यांनी स्क्रीनवर बांबूच्या बाजूला एक उभी रेघ ओढली. बांबू रेघेला केसाएवढाही सोडून नव्हता. "काकाजी का हाथ बड़ा सधा हुआ है।"

अण्णांचा हात कापतो. चहाचा कप बशीत वाजतो त्यांचा.

घरी येऊन मी अण्णांना फोटो दाखवला. मला वाटलं घाबरतील. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितला आणि मग असे हसले की आई आतून धावत आली.

"असाच," ते म्हणाले, "अगदी असाच दिसायचो मी साहेबांना. शेवटी काढला म्हणायचा!"

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हसायला लागले. मलाही हसू येत होतं आणि रडूही.

नोकरी पक्की झाली. परत येण्याची उंची आता मी प्रत्येक उड्डाणाआधी मोठ्याने वाचते, शर्माजींना त्याची गंमत वाटते. तोच लहान ड्रोन अजून माझ्या पाठीवर असतो. त्याने नंतर एकही उलटा फोटो काढलेला नाही. मी मुद्दाम, तसाच सिग्नल तोडून, दोनदा प्रयत्न करून बघितला. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, कॉलेजच्या सरांना विचारलं. कुणी म्हणालं फाइल बिघडली असेल, पण बिघडलेली फाइल माणसाला हसवत नाही.

फोटो मोठा करून फ्रेम केला तेव्हा आई म्हणाली, फिरवून लाव, लोक काय म्हणतील. अण्णा म्हणाले, "नाही. जसा काढला तसा राहू दे." म्हणून तो तसाच आहे. घरी येणारा प्रत्येक जण आधी मान वाकडी करतो, शर्माजी तर कंबरेतून वाकले होते.

माझ्याकडे याचं उत्तर नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी मोकळ्या मनाने ऐकेन. फक्त फोटो सरळ करायला सांगू नका.