आधी हाक, मग शिडी

देविदासभाऊ आमच्या गल्लीत आले की सगळ्यांना कळायचं, कारण ते कळवल्याशिवाय राहायचेच नाहीत. मोटरसायकल कडुनिंबाखाली लावायची, डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवायचं, मान वर करायची आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशी हाक द्यायची, "बायांनोऽऽ, छतावर चढून राह्यलोऽऽ!" मग थांबायचं. आजूबाजूच्या घरांतून "चढा, देविदासभाऊ!" असं उत्तर आलं की मगच त्यांचा पाय शिडीला लागायचा. नाही आलं तर पुन्हा हाक. तरी नाही आलं तर ओट्यावर बसून चहा. साखर बंद केली आहे, असं सांगून दोन चमचे घालायला लावायचे.

ते सोलरचं काम करत. पॅनेल बसवणं, धुणं, नटबोल्ट तपासणं, वादळवाऱ्यानंतर सगळं पुन्हा जागेवर आणणं. आमच्या छतावरची पॅनेलही त्यांनीच बसवलेली. मला त्या हाकेचा भारी राग यायचा. दिग्रसच्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरी काय बिघडलं ते तसंही लपत नाही, पण त्याची दवंडी कशाला? एकदा मी म्हटलंच, "भाऊ, गुपचूप चढत जा ना."

"असं कसं, सूनबाई? छत तुमचं हाये, पण तिथून दिसते ते लोकायचं होय. कोनाची न्हानी उघडी असते, कोनी डोस्कं धुऊन बसली असते. आपुन वरून टपकाचं का?"

या शहाणपणामागे एक पितळी गडवा होता. तरुणपणी वायरिंगचं काम करताना ते त्यांच्या गावी, बोरी अरबला, एका घरावर न सांगता चढले. शेजारच्या बिनछताच्या न्हाणीत एक बाई अंघोळ करत होती. तिने हातातला पाण्याचा गडवा भिरकावला, तो थेट यांच्या कपाळावर. "तिचा नेम लय भारी होता," देविदासभाऊ अजूनही कौतुकाने सांगायचे. "त्या दिवसापासून आवाज बी देतो अन् हेल्मेट बी घालतो." त्याची खूण ते कधी डाव्या भुवईवर दाखवायचे, कधी उजव्या. आम्ही दोन्हीकडे पाहून "अरे बापरे" म्हणायचो.

कामाला मात्र अगदी सावकाश. एक बोल्ट आवळला की खाली वाकून मलाच विचारायचे, "सूनबाई, हा आवळला ना मी?" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असताना मला काय दिसणार? मग तो बोल्ट पुन्हा आवळायचे. स्क्रू-ड्रायव्हर हरवला म्हणून अख्खं घर शोधायला लावायचे आणि तो निघायचा हेल्मेटच्या पट्ट्यात खोचलेला.

आता आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. आमचं घर आणि काकींचं घर यांच्यात एकच भिंत. काकी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी जाऊ, सुमनकाकी. आमचं छत सिमेंटचं. त्यांचं अर्धं सिमेंटचं, अर्धं टिनाच्या पत्र्यांचं. उन्हाळ्यात काकी वर कुरोड्या घालतात, आणि काकींच्या कुरोड्या म्हणजे सगळ्या नात्यागोत्यात नाव. आमची पॅनेल लागली आणि सकाळची सावली नेमकी त्यांच्या वाळवणावर पडू लागली. त्या वर्षी कुरोड्या आंबल्या. काकी म्हणाल्या, मुद्दाम केलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, सावली का मी हाताने धरून आणली? झालं, बोलणं बंद. दोन उन्हाळे दोघींनी एकमेकींना हाक मारली नाही. माझ्याशी दोघीही बोलायच्या, आणि एकमेकींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायच्या.

त्यात देविदासभाऊंची पंचाईत. आमच्या छतावर चढायला ते हाक द्यायचे, पलीकडच्या सगळ्या घरांतून "चढा" यायचं, पण काकींच्या घरातून चूं नाही. मग ते चढायचे खरे, पण काकींच्या घराकडे पाठ करून काम करायचे. खेकड्यासारखे आडवे सरकायचे, पण तोंड म्हणून तिकडे वळवायचे नाहीत. मी खालून हसायची. "हसा," म्हणायचे, "तिकडून 'हो' आला नाही ना अजून."

मग गेल्या वर्षीच्या वैशाखात ते वादळ आलं. संध्याकाळी आभाळ तांबूस झालं आणि मिनिटभरात धूळ, पानं, कोणाचे कपडे, कोणाची टिनं असं सगळं गल्लीतून धावू लागलं. वरती मोठा कडकडाट झाला. सकाळी पाहतो तर पॅनेलची एक बाजू उखडून गेलेली, आणि एक पॅनेल वायरीला लटकत पार काकींच्या टिनावर जाऊन पडलेलं. काचेचा भुगा झालेला, पण वायर अजून बाकीच्यांना जोडलेली. ऊन मात्र असं स्वच्छ पडलेलं, जणू काल काही झालंच नाही.

देविदासभाऊ आले. हाक झाली. काकींकडून उत्तर नाही. ते आमच्या छतावर चढले आणि वरूनच माझ्यावर ओरडले, "सूनबाई, कोनालेच वर येऊ देऊ नका!" मी म्हटलं, खालचं बटण रात्रीच बंद केलंय. "बटन बंद केलं बाप्पा, पन पॅनेलले कोन बंद करीन? ऊन हाये तवरी ते करंट बनवूनच राह्यलं. अन् वायर सोलून टिनाले लागली. टिनाले हात लावला का संपलं!"

तेवढ्यात पलीकडे काकी अंगणातून शिडीवर चढताना दिसल्या. हातात लोखंडी सब्बल, चांगली जाड पहार. आमचं पॅनेल त्या सब्बलीने टिनावरून ढकलून देणार होत्या. "लहान्या वहिनी, नका येऊ वर! करंट हाये!" देविदासभाऊ ओरडले. काकींनी मानही वळवली नाही. त्यांच्या हिशेबी तो पॅनेलवाल्यांचा माणूस. मीही ओरडले. माझंही कोण ऐकतंय! आणखी दोन पायऱ्या चढल्या असत्या, तर सब्बल टिनाला लागली असती.

आणि माझ्या मागून आवाज आला, असा की मी घाबरून बाजूला झाले. "सुमनेऽऽ! हात नको लावू व, माय!"

काकी शिडीवर जागच्या जागी थांबल्या. करंटचं ऐकून नाही, तर आवाज कोणाचा आहे ते ऐकून. वळून त्यांनी आईंकडे पाहिलं. आई भिंतीला धरून रडत होत्या. "उतर खाली. मरशील ना व! उतर म्हनते ना!"

काकी एकेक पायरी उतरल्या. सब्बल अंगणात टाकली. मग भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "एवढा आवाज द्याले दोन उन्हाळे कायले लागले, जाऊबाई?" आणि त्याही रडू लागल्या.

इतकं सगळं झालं, तरी आमचे देविदासभाऊ छताच्या काठावर येऊन उभेच. घसा खाकरला आणि म्हणाले, "लहान्या वहिनीऽऽ, तुमच्या छतावर येऊन राह्यलोऽऽ!"

"आता या ना बाप्पा!" काकी रडतारडता ओरडल्या. "इचारत काय बसले? चढा, देविदासभाऊ!"

त्यांनी रबरी हातमोजे घातले, छताच्या सिमेंटच्या भागावर उभं राहून लांब कोरड्या बांबूने पॅनेलवर ताडपत्री सरकवली, वायर सोडवली, मग पॅनेल उतरवलं. एरवी बोल्टाला पाऊण तास लावणारा माणूस त्या दिवशी मात्र भराभर हात चालवत होता. बाकीची पॅनेल ओल्या फडक्याने पुसून तिरक्या उन्हात पाहिली, तडकलेली बाजूला काढली, खांब पुन्हा सरळ केले. नवी पॅनेल आल्यावर बसवायच्या वेळी त्यांनी आईंना विचारलं, "मोठ्या वहिनी, आता बसवाचंच हाये, तं कुठं बसवू?"

"पान्याच्या टाकीच्या तिकडच्या बाजूले," आई म्हणाल्या. "सुमनच्या वाळवनावर सावली नको."

"तिथं सांजच्याले टाकीची सावली येईन. लाइट थोडी कमी बनीन."

"बनू दे कमी."

हेल्मेटची काच देविदासभाऊंनी हळूच खाली घेतली आणि कामाला लागले. एवढ्या उन्हात काच खाली कशाला, असं मी विचारणार होते. नाही विचारलं. त्या उन्हाळ्यात काकींकडून कुरोड्यांचा मोठा डबा आला. त्यातल्या अर्ध्या देविदासभाऊंनी खाल्ल्या, तेलकट बंद आहे असं सांगून.

या हिवाळ्यात ते गेले. छातीत दुखलं म्हणे, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आम्ही तिघी बोरी अरबला भेटायला गेलो. बसमध्ये आई आणि काकी एकाच सीटवर बसून. त्यांच्या घरी दारामागे हेल्मेट टांगलेलं होतं. त्यांच्या बायकोला मी गडव्याची गोष्ट सांगायला लागले, तर ती म्हणाली, "गडवा माह्याच हातचा होता, बाई." तिथे बसून आम्ही सगळ्या हसलो आणि मग सगळ्या रडलो. मला या माणसाची फार सवय झाली होती.

गेल्या महिन्यात पुन्हा वारा सुटला. पॅनेल तपासायला नवा माणूस आला, चांगला चाळिशीचा, कामाचा वाटला. आला तसा शिडीला हात लावला. आईंनी त्याचा हात धरला. "आधी आवाज द्या."

"कसला आवाज?" तो गोंधळला. त्याला काही समजेना आणि लाजही वाटत होती. मग आईच गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. मान वर केली आणि फाटक्या आवाजात ओरडल्या, "बायांनोऽऽ, छतावर चढून राह्यलोऽऽ!"

मग भिंतीपलीकडून, भांडी घासता घासताच, काकींचं उत्तर आलं, "चढा, देविदासभाऊ!"

आणि लगेच पलीकडची भांडी वाजायची थांबली. आई गल्लीत तशाच उभ्या. तो माणूस एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"चढू का मग?" त्याने विचारलं.

"चढा," मी म्हटलं. "'हो' आला ना आता."